कुंदाताईंनी परत केलेलं अनुदान

कुंदाताईंच्या माहितीपटाच्या अर्जातून ‘जात’ हा शब्द मी त्यांना न विचारता काढून टाकला. एकदा नव्हे, जिथे जिथे होता तिथून. आणि तो अर्ज मंजूर झाला तेव्हा पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो.

त्या गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. बातमी आली तेव्हा मी इथे मिशिगनमध्ये, ट्रॉय गावातल्या एका गॅरेजात गाडीचे हिवाळी टायर बदलून घेत बसलो होतो. त्यांच्या मुलीचा, संघमित्राचा मेसेज होता : ‘काका, आई आज सकाळी गेली. शनिवारी बुद्धवंदना आहे, या. प्लीज भाषण लिहून आणू नका.’ मी अर्थातच लिहून नेलं. ते खिशातच राहिलं, कारण माझ्याआधी आमच्या मराठी मंडळींपैकी एक गृहस्थ बोलायला उठले आणि त्यांनी कुंदाताईंचं वर्णन ‘अत्यंत प्रेमळ, सगळ्यांना धरून असणाऱ्या, कधी कुणाचं मन न दुखावणाऱ्या’ असं केलं. त्यावर मागच्या रांगेत बसलेले, ऐंशी ओलांडलेले देवाजीकाका मोठ्याने म्हणाले, “कोण? कुंदा?” माझ्या कागदावरही जवळपास तीच वाक्यं होती. मी बसून राहिलो.

माणूस गेला की त्याला साखरेत घोळवायची आपल्याकडे फार घाई असते. कुंदाताई त्यात मावत नाहीत, आणि मावू नयेत. त्या मन दुखवायच्या. नीट वेळ काढून, समोर बसवून दुखवायच्या आणि मग चहा टाकायच्या. लग्न करून नागपूरहून मिशिगनला आल्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासण्यात उभी नोकरी घालवली, नवरा लवकर गेला, मुलीला एकटीने वाढवलं. निवृत्त झाल्यावर इतर बायका जशा क्रूझवर जातात तशा या कम्युनिटी कॉलेजात फिल्म शिकायला गेल्या. वर्गातली पोरं नातवंडांच्या वयाची. त्यांच्यात बसून कॅमेरा शिकल्या, आवाज शिकल्या, एडिटिंग शिकल्या आणि एक माहितीपट करायला घेतला. इथल्या आंबेडकरी कुटुंबांवर. इंजिनिअर, नर्स, प्रोफेसर, अकाउंटंट... प्रत्येकाला समोर बसवून त्या एकच प्रश्न विचारत : “इथे आल्यावर तुम्ही पहिल्यांदा कोणाला सांगितलंत?” काय सांगितलंत, हे कुणालाच विचारावं लागत नसे.

त्यांना माणसं मिळाली, गोष्टी मिळाल्या, पैसे मिळेनात. एका पिकनिकला त्यांनी हे बोलून दाखवलं आणि मी, हातात मक्याचं कणीस धरून, म्हणालो, “अर्ज मी लिहितो, ताई. कंपनीत माझ्या रिपोर्टमधला एक शब्द कुणी बदलत नाही.”

“वाचत नसतील,” त्या म्हणाल्या. पण काम मला दिलं. दुसरं कुणी तयार नव्हतं.

इथे माहितीपटांना पैसे देणाऱ्या संस्था आहेत, पण त्यांतल्या बहुतेक एकट्यादुकट्या माणसाला ते थेट देत नाहीत. नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेलाच देतात. म्हणून आपल्यासारख्याने अशी एखादी संस्था गाठायची, तिने अर्जावर आपलं नाव द्यायचं, पैसे घ्यायचे, हिशेबाची जबाबदारी उचलायची आणि थोडा वाटा ठेवून बाकीचे आपल्याला द्यायचे. तिला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. हे मी कुंदाताईंना वीस मिनिटं समजावलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे मुलीला बाप नसला की लग्नात मामा उभा राहतो, तसं. मग मामा शोधा ना.”

मामा सापडला ॲन आर्बरमध्ये, एका सायकलच्या दुकानाच्या वर. छोटी कलासंस्था, दोन खोल्या, आणि ती चालवणारी डॉना नावाची साठीची उंच बाई. कुंदाताई तिला तोंडावर ‘मामा’ म्हणू लागल्या. डॉनाने अर्थ विचारला, मी सांगितला, आणि तिला तो इतका आवडला की ती ईमेलखाली तशी सही करायला लागली.

पहिल्या अर्जात मी अर्जदार म्हणून डॉनाच्या संस्थेऐवजी कुंदाताईंचं नाव टाकलं. पैसे देणाऱ्या संस्थेच्या कॉम्प्युटरने तो माणसाच्या नजरेला पडायच्या आतच परत पाठवला. दुसऱ्यात मी मराठी माणसाला शोभेल असा नम्र झालो. ‘हा आमचा अल्पसा प्रयत्न आहे, त्रुटी असतील त्या मोठ्या मनाने पोटात घालाव्यात’ हे सगळं इंग्रजीत लिहिलं. डॉनाने चष्मा काढला. “श्रीकांत, तू यांच्याकडे पैसे मागतोयस की माफी?” कुंदाताई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. तो खोकला पुढे थांबलाच नाही... तपासण्या झाल्या, आणि ज्या लॅबमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं तिथूनच त्यांचा रिपोर्ट आला. हातात किती वेळ आहे ते त्यांना डॉक्टरच्या आधी कळलं होतं.

म्हणून तिसरा अर्ज मंजूर व्हायलाच हवा होता. मी त्या संस्थेने आधी कुणाला पैसे दिलेत ते पाहिलं. सगळीकडे वारसा, स्वयंपाक, आजीच्या आठवणी, दोन संस्कृतींमधले पूल. आणि मी बसून कुंदाताईंची फिल्म धुऊन काढली. जात गेली, तिथे ‘कौटुंबिक वारसा’ आला. लपवाछपवी गेली, ‘ओळखीचा प्रवास’ आला. संस्थेला आवडावं म्हणून केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. तो शब्द माझ्या नावाखाली, माझ्या ईमेलवरून जायला मला नको होता. आमच्या मंडळींपैकी कुणी वाचलं तर काय म्हणतील, हे डोक्यात होतं. माझं आडनाव ऐकून आजवर कुणी मला पुढचा प्रश्न विचारलेला नाही. तो आराम मला सोडवत नव्हता.

मंजुरीचं पत्र कुंदाताईंनी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून वाचलं. पेढ्याचा डबा मध्ये. केमोचे दिवस होते, डोक्याला निळा रुमाल. वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची नीट घडी घातली.

“छान आहे. कुणाची फिल्म आहे ही?”

“आपलीच, ताई.”

“शब्द काहून काढला?” रागावल्या की त्यांचं नागपूर बाहेर यायचं.

मी म्हणालो, आधी पैसे घेऊ, फिल्म तुम्हाला हवी तशीच करू, नंतर कोण बघायला येतंय? त्या म्हणाल्या, “कुणी बघणार नसेल तर मी मरता मरता हे करतेय कशाला?” मग त्यांनी मला देवाजीकाकांचं सांगितलं. देवाजीकाकांनी ऑफिसात आणि इथल्या मराठी लोकांत तीस वर्षं अर्धं आडनाव लावलं. त्यांची मुलाखत त्यांच्याच गॅरेजात झाली, दार खाली ओढून, कारण घरात सुनेकडे पाहुणे होते. बोलून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं होतं : “कुंदा, नाव पूर्ण टाकशील ना?”

“त्यांना मी हो म्हटलंय,” कुंदाताई म्हणाल्या. “ते आता गॅरेजातून बाहेर आलेत. तुम्ही त्यांना परत आत घालून दार ओढून घेतलंत, श्रीकांतराव. पेढे घेऊन जा.”

पेढे मी घेऊन गेलो. सिग्नलवर दोन खाल्लेही. लाज वाटत असताना मला भूक लागते.

चार दिवसांनी आम्ही डॉनाच्या ऑफिसात बसून त्या संस्थेच्या अधिकारी बाईंना फोन लावला. स्पीकरवर. फिल्मचा खरा सारांश कुंदाताईंनी हाताने लिहून आणला होता आणि तो मी वाचायचा, अशी त्यांची अट होती. पहिलंच वाक्य : ‘ही फिल्म जातीबद्दल आहे.’ मी घसा साफ केला. पुन्हा केला. कुंदाताई खुर्चीत मागे रेलून, केमोच्या थकव्यात अर्धे डोळे मिटून म्हणाल्या, “घाई नाही. मला वेळ आहे.” त्यांना वेळ नव्हता. मी वाचलं.

बाई फार सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, प्रकल्प बदलल्यासारखा वाटतो. फिल्ममध्ये हा विषय यायला हरकत नाही, पण जाहीर सारांशात तो इतका पुढे आणू नये, काही देणगीदार दुखावतील. कुंदाताईंनी डोळे उघडले. “मॅडम,” त्या त्यांच्या लॅबमधल्या कडक इंग्रजीत म्हणाल्या, “प्रकल्प बदललेला नाही. ज्याने लिहिला तो घाबरला होता. ज्यांनी माझ्याशी बोलायचं धाडस केलं त्यांना मी तळटीप करणार नाही. तुमचे पैसे तुम्ही ठेवा.”

परतीच्या पत्रावर सही डॉनाची लागणार होती, कारण कागदोपत्री अनुदान तिच्या संस्थेचं. तिचा वाटाही जाणार होता, आणि त्या वर्षी तिच्या खिडकीला प्लास्टिक चिकटवून थंडी अडवलेली मी पाहिली होती. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “मामाला लग्न मोडता येतं का?” मी म्हणालो, येतं. तिने सही केली. आयुष्यात मी एवढ्या आनंदाने कुणाला पैसे परत करताना पाहिलेलं नाही.

त्यानंतरचे अर्ज कुंदाताई सांगत आणि मी टाइप करी. तीन नकार आले. प्रत्येक नकाराचं पत्र त्या मोठ्याने वाचत आणि त्यातलं इंग्रजी दुरुस्त करत. आमच्या मराठी मंडळींपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, “कशाला रे हे इथे येऊन उकरायचं? पोरांना माहीतसुद्धा नाही.” पूर्वी मी मान हलवली असती. या वेळी म्हणालो, “पोरांना माहीत नाही तर मग फिल्म बघायला घेऊन या.” ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरं चाललंय.

त्या तीन नकारांनंतरचा अर्ज अर्धा टाइप झालेला असताना त्या गेल्या. डॉनाचा मला फोन आला : स्पॉन्सरचा करार माझ्या संस्थेशी आहे, प्रकल्प जिवंत आहे, फक्त पुढे कोण नेणार ते कळवा. संघमित्रा ॲन आर्बरला संशोधन करते. तिने त्याच दिवशी कळवलं, “मी.” आता अर्जासोबत पाठवायची पाच मिनिटांची नमुना दृश्यं निवडायची होती, त्यासाठी गेल्या रविवारी तिने मला घरी बोलावलं.

कुंदाताईंची एडिटिंगची खोली म्हणजे तळघरातली कपडे धुवायची खोली. ड्रायरशेजारी टेबल, त्यावर स्क्रीन. खुर्चीवर त्यांचे हेडफोन टांगलेले होते. त्यांच्या कानांना रेक्झिन टोचायचं, म्हणून जुन्या सुती साडीच्या काठाच्या गोल खोळी शिवून त्यांनी त्यावर चढवल्या होत्या. मी ते कानाला लावले. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास अजून होता... संघमित्राने प्ले दाबलं.

स्क्रीनवर मी होतो.

दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी मला याच खोलीत बसवलं होतं, “माइक तपासायचाय, काहीतरी बोला” म्हणून. आणि सहज विचारावं तसं विचारलं होतं, “तुमच्या घरी कसं होतं हो हे सगळं?” स्क्रीनवरचा मी पाय पसरून, हसऱ्या चेहऱ्याने सांगत होतो : आमच्याकडे असलं काही नव्हतंच हो, जातीचा विषयच कधी निघाला नाही, सगळे घरच्यासारखे. तीन मिनिटं न अडखळता. आमच्या भांडीवाल्या बाईंचा कप मागच्या गॅलरीत, नळावर पालथा ठेवलेला असायचा. त्याचा कान तुटलेला होता, हेही मला आठवतं. ते सांगायचं त्या तीन मिनिटांत मला सुचलं नव्हतं. कुंदाताई कॅमेऱ्यामागून मध्येच फक्त “हं” म्हणत होत्या.

मी हेडफोन काढले. घसा साफ केला. म्हणालो, “मित्रा, नमुन्याची सुरुवात देवाजीकाकांपासून केली तर? ते जास्त... मनाला भिडतं.”

“नाही. आईने ऑर्डर लावून ठेवलीय. तुम्ही फर्स्ट.”

“पण मीच का?”

तिने स्क्रीनवरून नजरसुद्धा काढली नाही. “कारण बाकी सगळे खरं बोललेत, काका. आईला एक खोटं बोलणारा हवा होता, आणि तुम्ही फर्स्ट टेकमध्येच दिलंत.”