दुकान वाढवलं

"अपने आप हो जाएगा, मैडम," असं कोणी म्हटलं की आजही माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. आपोआप काय होते जी? दूध उतू जाते आपोआप, तेबी कोणी जवळ उभं नसलं तं. बाकी साऱ्याले माणूस लागते.

मी छत्तीसगडात, दुर्गच्या एका फर्ममधे काम करते. दुकानाले लागणारे लोखंडी रॅक, काचेचे काउंटर, बोर्ड, असा माल आमी विकतो. मोहन नगर, बोरसी, कुरुद, भिलाईचे सेक्टर, सारीकडं मी स्कूटीवर फिरते. कोण नवं दुकान टाकून राहिला, कोणाचे रॅक सडले, ते पाहाचं आन फोनच्या नोटमधे बोलून ठेवाचं. लिवत नाई मी, बोलते. फोन लिवून घेते. आन बोलते ते मराठीत. दिवसभर बाहेर हिंदी, घरी पोट्टेबी हिंदीतच उत्तर देतात, मंग निदान फोनाशी तरी आपल्या भाषेत बोलावं, एवढीच माही हौस. ऑफिसात आली की त्या नोटा पाहून मीच मालकाले सांगे, इथं जा, इथं नोका जाऊ. कोणाचं काही बिघडलं नोतं.

मंग मालकानं रायपूरहून एक मॅनेजर आणला. चष्मेवाला, गोडबोल्या, दर वाक्यात "मैडम". त्याले दुःख काय होतं, तं माह्या नोटा एका ॲपमधे आन फर्मचे लीड दुसऱ्या ॲपमधे. लीड म्हणजे जो आज नाई तं उद्या आपला माल घेईन असा माणूस. त्यानं दोनी ॲप जोडून देले. कोडिंग-बिडिंग नाई, स्क्रीनवर चौकोन मांडाचे आन एकातून दुसऱ्यात रेघ ओढाची, रांगोळीचे ठिपके जोडतात तशी. नोटमधे 'पाहू' आलं की लीड कोमट. (आता 'पाहू' म्हणजे 'नाई', हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराले समजते!) 'नवीन' आलं की गरम. आन 'मोठं', 'वाढवलं' असं काही आलं की 'विस्तार', म्हणजे सगळ्यात गरम. त्याले लगेच बधाईचा मेसेज जाईन आन ऑफिसची पोरगी फोन करीन. हे मराठी शब्द त्यानं फोनात ट्रान्सलेट करून घेतले. मले इचारलं? छे! मी त्याच खोलीत बसून चहा पिऊन राहिली होती.

मोहन नगरात एक काकू आहेत, भंडाऱ्याकडच्या, बाई असून 'जातो', 'करतो' बोलणाऱ्या. काका भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झाले तवा नवरा-बायकोनं शाळेजवळ जनरल स्टोअर टाकलं. त्याचे रॅक माह्याच हातून गेलेले. माह्या साऱ्या फिरतीत ती एकच जागा होती जिथं "बस वं बाई, किती उन्हाची फिरतं" म्हणून कोणी पाणी आणून देई. वाळून गेली म्हणून रागावत, केस कावून कापले म्हणून रागावत. माय गेल्यावर मले मराठीत रागवाले तेच एक माणूस उरलं होतं.

काका गेले. मी भेटाले गेली तं काकू दुकानामागच्या खोलीत भिंतीले टेकून बसल्या होत्या. बाहेर ओसरीत त्यांचे दीर लोकांचे फोन घेऊन राहिले होते. काकांचा मोबाईल त्यांच्याजवळच होता, आन दुकानाच्या बोर्डावर नंबर तोच. काकू मले म्हणाल्या, "दुकान वाढवलं बाई म्या. आता नाई होत. तेरवी झाली का पोरीकडं गोंदियाले जातो. ह्या जागेचं काय ते भाऊजी पाहतीन."

दुकान बंद केलं, असं म्हणत नसतात. दिवा विझवला म्हणत नाई, कुंकू पुसलं म्हणत नाई, तसंच हे. अशुभ तोंडातून काढाचं नसते, त्याले उलटं करून बोलाचं असते. मी बाहेर आली, स्कूटीजवळ उभी राहून फोनात बोलली, "मोहन नगरच्या काकूनं दुकान वाढवलं. तिकडं आता कोणी फोन करू नोका." जसं ऐकलं तसं बोलली. चुकली का मी? नाई चुकली! आजही छातीवर हात ठेवून सांगते.

त्या मशीननं 'वाढवलं' धरलं. 'फोन करू' धरलं. 'नोका' तेवढं सोडलं, कारण 'नोका' त्याच्या यादीतच नोतं.

तेरवीले मी जेवाले होती. पंगत बसाची होती तवा दीर उठले आन काकांचा मोबाईल हातात धरून साऱ्या सोयऱ्यांसमोर वाचाले लागले, "आपकी दुकान के विस्तार पर हार्दिक बधाई! नए रैक पर विशेष छूट!" खाली फुलांचा गुच्छ आन फटाके. वाचून झालं आन म्हणाले, "ऑफिसातून फोनबी आला होता. माप लेने कब आएँ, मनून इचारत होती पोरगी. भावाची राख थंडी नाई झाली आन वहिनी दुकान मोठं करून राहिल्या! आमाले सांगतात का मी गोंदियाले जातो, जागेचं तुमी पाहा!"

मले वाटलं जमीन फाटावी. मी उठली, सांगतलं, भाऊजी, माही नोट होती, काकूनं दुकान बंद केलं याच अर्थानं मी बोलली, मशीननं उलटं घेतलं. ते हसले. "मशीन झूठ बोलेगी? तुमी नोटमधे 'वाढवलं' लिवलं का नाई, तेवढं सांगा."

"लिवलं, पण..."

"बस."

अरे, तुमी भंडाऱ्याचे ना! तुमच्या मायनं रोज संध्याकाळी दिवा वाढवला असन ना! पण त्यांले समजून घ्याचंच नोतं. आन सोयरे? सारे खाली पाहून राहिले होते. एकानंही म्हटलं नाई का बापा, 'वाढवलं' म्हणजे बंद.

काकू उठल्या. रडल्या नाई. दिराच्या हातातून मोबाईल घेतला, खुंटीवरच्या दुकानाच्या चाब्या घेतल्या आन म्हणाल्या, "मंग आता मीच चालवतो दुकान." पोरगी गोंदियाची, हात धरून विनवून राहिली, "आई, चाल ना घरी." तिले म्हणाल्या, "आता गेली तं हे म्हनतीन, चोरी पकडली गेली मनून पळाली."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन मॅनेजरच्या टेबलावर दोनी हात आपटले. सारं सांगतलं. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, लैंग्वेज इश्यू है। आप सीधा 'बंद' बोला कीजिए न।" मी म्हटलं, तुमच्या हिंदीतबी दुकान बढ़ाते हैं, तुमच्या आजोबाले इचारा! तो म्हणाला, "अच्छा? इंटरेस्टिंग।" इंटरेस्टिंग! एका बाईची सोयऱ्यांसमोर अब्रू गेली, लेकीच्या घरचा सुखाचा घास गेला, आन याले इंटरेस्टिंग वाटून राहिलं. वरून त्यानं यादी सुधरवली, का 'वाढवलं' आलं की लीड पुसून टाकाचा. पुढच्याच हप्त्यात कुरुदच्या एका माणसानं खरंच बाजूचा गाळा घेऊन दुकान वाढवलं, तं त्याले पुसून टाकलं. मी तोंड उघडलं नाई. भोगा म्हटलं.

पण खरी हद तं पुढंच झाली. काकूचे गुडघे दुखतात, वरच्या रॅकवर हात पुरत नाई. माल उतरवून देणारे काका राहिले नाई, दीर दारातबी येत नाई. मंग काकूनं आमच्याच ऑफिसात फोन करून बुटके रॅक सांगतले. मीटिंगमधे मॅनेजरनं मोठ्या स्क्रीनवर काकूच्या दुकानाचं नाव हिरवं, म्हणजे माल विकला गेला, असं करून दाखवलं. "देखिए, सिस्टम ने पहले ही पकड़ लिया था कि ये विस्तार करेंगी।" आन लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! टाळ्या! मी उठली आन भर मीटिंगमधे त्याले आपल्या भाषेत जे द्याचं ते देलं. त्याले एक शब्द समजला नाई, पण चेहरा पडला. मालकानं मले बाहेर बसवलं. नोकरी गेली नाई, कारण माह्याशिवाय कुरुदकडचे लोक कोणाले ओळखत नाई.

रॅक लावाले मीच गेली. दुसऱ्या कोणाले जाऊ देणार होती का मी! काकू काउंटरमागं उभ्या होत्या, एका हातानं कमर धरून. गिऱ्हाईक नोतं. मी माणसांकडून रॅक ठोकून घेतले, फळ्या पुसल्या, वरचा माल स्वतः खाली मांडला. काकू पाहत होत्या. वाळली म्हणून रागावल्या नाई, उन्हाचं बोलल्या नाई. मी म्हटलं, "काकू, मले दोन शिव्या तरी द्या." त्यांनी पेनांचा डबा सरळ केला.

निघताना मी चपला घातल्या आन दारातून म्हटलं, "येते, काकू."

काकूनं वर पाह्यलं. "आता सरळच बोलतो बाई म्या. फिरवून बोललेलं तुमच्या मशीनले समजत नाई," त्या म्हणाल्या. "जा."