उजवीकडून केलेला भागाकार

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली, की त्या घरातली पोरं मागच्या दाराने सटकायला बघतात. चहा पुढ्यात यायच्या आधीच तिच्या पर्समधून पेन्सिल निघते. "पाचशे बत्तीस भागिले चार. कर बघू."

उत्तराशी तिला देणंघेणं नसतं. ती पेन्सिलचं टोक बघते. ते आधी पाचावर टेकलं, तर तिचा जीव भांड्यात पडतो. दोनावर टेकलं, की पर्समधून काड्यांचे गठ्ठे बाहेर येतात आणि यजमानांनी संध्याकाळ विसरायची. शंभराचे पाच गठ्ठे चौघांत वाटायचे. एक उरला, तो सोडून दहा-दहाच्या जुड्या करायच्या. मोठं आधी वाटायचं, हे मुलाच्या हाताला कळेपर्यंत ती उठत नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी बाईंची शाळा सुटली नाही, असं मी चारचौघांत म्हणायचे. गेल्या वर्षी तिने मला कारण सांगितलं, आणि माझी थट्टा तिथेच थांबली.

तीस वर्षांपूर्वी ती चौथीला शिकवायची. वर्षअखेरीला प्रत्येक मुलापुढे लिहायचं असे, भागाकार 'येतो' किंवा 'येत नाही'. पन्नास मुलं, आणि तक्ता दुपारपर्यंत द्यायचा होता. तिने फळ्यावर घाईघाईने तीन गणितं लिहिली. आठशे सेहेचाळीस भागिले दोन, सहाशे एकोणचाळीस भागिले तीन, आठशे अठ्ठेचाळीस भागिले चार. प्रत्येक आकड्याला पूर्ण भाग जातो, अशी. ती कुठूनही सोडवा, उत्तर बरोबरच येतं.

वर्गात एक किडकिडीत मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. भागाकार शिकवला त्या आठवड्यात ती तापाने घरी होती. बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून करतात, मग हाही तसाच असणार, असं तिने स्वतःच ठरवलं. तिन्ही उत्तरं बरोबर आली. आत्याने उत्तरं तेवढी पाहिली आणि 'येतो' लिहिलं.

त्या शेऱ्यावर चिमणीला दुसऱ्या, मोठ्या शाळेत घेतलं. तिथे पहिल्याच आठवड्यात पाचशे बत्तीस भागिले चार आलं. तिने आपली बुटकी पेन्सिल दोनावर टेकवली. दोनाला चाराने भाग जाईना. ती तशीच बसून राहिली.

तिथल्या मुख्याध्यापकांचं आत्याला पत्र आलं. मुलीला साधा भागाकार जमत नाही, पाचशे बत्तीस भागिले चारला दोनावरच पेन्सिल टेकवून बसते, तुमच्याकडे तिने कॉपी केली होती का?

आत्याने कपाटातून चिमणीचा कागद काढला. भागाकाराच्या पायऱ्या डावीकडून उजवीकडे उतरतात. चिमणीच्या उलट्या उतरत होत्या. शेजारच्या एकाही मुलाच्या कागदावर तसं नव्हतं. आत्याला सगळं उमजलं. मुलगी प्रामाणिक होती, चाचणीच कुचकामी होती. पण तसं लिहिलं असतं तर स्वतःची चूक कबूल करावी लागली असती, आणि त्याच वर्षी तिच्या बढतीचं चाललं होतं. तिने उत्तर पाठवलं, 'निश्चित सांगता येत नाही.'

चिमणी जुन्या शाळेत परत आली ती 'कॉपीवाली' होऊन. सातवीत तिने शाळा सोडली. आत्याला बढती मिळाली. मला आत्याचा राग आला. अजूनही येतो.

तो कागद आत्याने तीस वर्षं पर्समध्ये बाळगला. ती म्हणते, कुठलंही मूल लिहायला बसलं की तिला आधी ती बुटकी पेन्सिल दिसते, दोनावर थांबलेली. देवळात, बँकेत, कुठेही.

चिमणी आता पडदे शिवते, हे कळल्यावर मीच आत्याला गाडीत घातलं. दुकान लहान होतं, कापडाच्या ताग्यांनी गच्च भरलेलं. चिमणीने आत्याला ओळखलं, स्टूल पुसून दिलं. आत्या बसली नाही. तिने कागद मशीनवर ठेवला.

चिमणीने तो बराच वेळ पाहिला. "बाई, मी कॉपी केली नव्हती."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "पत्र आलं त्याच दिवशी कळलं होतं."

"त्याच दिवशी?"

"हो."

चिमणीने मशीनवरचं कापड उचललं, त्याची दुहेरी घडी घातली, मग चौपदरी, आणि खडूने खुणा केल्या. "भागाकार मला अजून येत नाही," ती म्हणाली. "घडी घालून भागवते."

आत्याचा हात सवयीने पर्समध्ये गेला. काड्या वाजल्या.

"आता नको, बाई." चिमणीचा आवाज चढला नव्हता. "माझ्या आईला शेवटपर्यंत वाटायचं, मी कॉपी केली. मी किती शपथा घेतल्या. ती म्हणायची, केली नसती तर बाईंनी तसं लिहिलं नसतं का? तीन वर्षं झाली तिला जाऊन. तिला सांगायला हवं होतंत."

आत्या माफी मागायला आली होती. ती मागायची राहूनच गेली. कागद चिमणीने ठेवून घेतला.

गाडीत आत्याने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तिची आई आमच्याच गल्लीत राहायची. शाळेला निघाले की दारात यायची आणि मला नमस्कार करायची. रोज."