बॉयलरच्या नळीवरचे ठोके

एक आधीच सांगून टाकतो. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस. सगळं आयुष्य पान्या-पकडीत गेलं. जे उघडून बघता येत नाही, त्यावर माझा विश्वास नव्हता... आजही नाही म्हणा. तरी हे लिहितोय, कारण हे भर सकाळी, अकराच्या उन्हात घडलं — आणि ऐकणारा मी एकटा नव्हतो.

साठ-एकसष्टचा सुमार. आपला जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. मी कणकवलीला एका मोटार गॅरेजात फिटर होतो. तळेऱ्याच्या तिठ्याजवळ डोळ्यांचं शिबिर लागलं, म्हणून रजा काढून आईला घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं तिला माझा चेहरा दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाई कोल्हापूरच्या. जीपच्या मागे ट्रेलर ओढत फोंडाघाट उतरून आल्या होत्या. ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच! आत ऑपरेशनचं टेबल, हात धुवायचं बेसिन, छपरावर पाण्याची टाकी आणि कोपऱ्यातल्या कपाटात तांब्याचा बॉयलर. त्याखाली रॉकेलचा बर्नर. पावसाळाभर ट्रेलर उभाच होता, हा पहिलाच मुक्काम. आंब्याखाली सतरा माणसं नंबर लावून बसलेली आणि बेसिनला गरम पाणी येईना.

"उघड्या हंड्यातल्या पाण्यानं हात धुऊन मी कुणाच्या डोळ्याला हात लावणार नाही," बाई ड्रायव्हरला सांगत होत्या. "बारापर्यंत जमलं नाही, तर ट्रेलर परत न्यायचा. या लोकांना पुढच्या वर्षी बोलवू."

पुढच्या वर्षी! मी पुढे झालो. "बाई, मी फिटर आहे. बघू का?"

बर्नर ठीक होता. टाकी भरलेली. गार पाण्याचा नळ धो धो वाहत होता. गरम पाण्याची तोटी उघडली की नुसती गुळगुळ, मग तीही बंद. तोटी उतरवली, वॉशर बदलला, नळीत फुंकर मारली... काही नाही. बॉयलर तापून आतून गुरगुरत होता. नळीत कचरा अडकला असेल, आच वाढवली तर वाफेच्या जोरानं सुटेल, असा मी विचार केला. जोर साठावा म्हणून तोटी बंद केली आणि बर्नरच्या चावीला हात घातला.

तेवढ्यात ठोके ऐकू आले. तांब्यावर लहान हातोडीचे — दोन सावकाश, मग तीन भरभर. थांबले. पुन्हा दोन सावकाश, तीन भरभर.

मला वाटलं, ड्रायव्हर छपरावर चढलाय. बाहेर आलो तर तो लांब जीपजवळ विडी ओढत बसलेला. छपरावर कुणी नाही. बाईंबरोबर आलेल्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. "आत कोण ठोकतंय?" त्यांनीच मला विचारलं.

आंब्याखालून आईची हाक आली. "झिला! तुझो बापूस ठोकता रे!"

माझे वडील तांबट होते. हंडे, कळशा, बंब घडवायचे. भांड्याला कुठे चीर आहे ते बघताना असेच ठोके मारायचे. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी पुन्हा आत गेलो. ठोके चालूच होते, छपरालगत, जिथे गरम पाण्याची नळी वळसा घेऊन खाली उतरते तिथे. त्या वळशावर हवा आणि वाफ बाहेर टाकायची एक बारीक नळी होती. ती मी पाहिलीच नव्हती. बोट लावलं... गार! बॉयलर गुरगुरतोय आणि वाफेची नळी गार?

मी आधी बर्नर विझवला. ठोके थांबले.

अर्धा तास सगळं निवू दिलं. मग नळी उतरवून तारेनं टोकरली. विटेसारखी कडक माती निघाली. कुंभारमाशीनं आत घर केलं होतं! हवा कोंडली म्हणून पाणी अडलं होतं. पाणी उलटं टाकीत जाऊ नये म्हणून बॉयलरला झडप होती, म्हणजे वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मी आच वाढवली असती तर बॉयलर फुटला असता. आणि सिस्टर त्या कपाटाला पाठ लावून औजारं मांडणार होत्या.

नळी बसवली, बर्नर पेटवला. बाराला दहा कमी असताना बेसिनमध्ये कढत पाण्याची धार पडली. बाहेर सतरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. बघत कुणीच नव्हतं, सगळ्यांनी आवाजावरूनच ओळखलं!

हात धुता धुता बाई म्हणाल्या, "छान काम केलंत. कुठे शिकलात?"

तोवर कुणीही विचारलं की मी मोठ्या गॅरेजचं नाव सांगायचो. तांबटाचा मुलगा म्हणायला लाज वाटायची. त्या दिवशी मात्र ताठ उभा राहून म्हणालो, "वडिलांकडे. तांबट होते ते."

सतराही ऑपरेशनं झाली, आईचं तिसरं. आठवड्यानं पट्टी सुटली. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती रे काळो झालंस!"

तापलेलं तांबं आपसूक ठकठकतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मोजून मापून? आणि नेमकं गार नळीपाशी? पुढे एकदा मी आईला म्हटलं, "तुका भास झालो असात."

ती रागावलीच. "सव्वीस वर्सां त्येंच्या ठोक्यार माका सकाळी जाग येय. आणि माका इचारतंस?"

मी उठून चहा सांगायला गेलो. तुम्हांपैकी कुणाला याचं उत्तर सुचलं तर जरूर कळवा... पण खरं सांगू? नाही कळवलंत तरी चालेल.