सरकारी आहे, बुडायचं नाही

तेहतीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसलो. खिडकीमागचा माणूस दोन वाक्यांवर अख्खी नोकरी काढतो. कामाला उशीर का होतोय असं कोणी विचारलं की म्हणायचं, ‘सरकारी आहे, उशीर होईल, पण बुडायचं नाही.’ आणि काही चुकलं म्हणून कोणी भांडायला आलं की म्हणायचं, ‘अर्ज तुमचा, सही तुमची.’ निवृत्त झालो तेव्हा ही दोन्ही वाक्यं टेबलाच्या खणातच राहिली, असं मी समजत होतो.

बायकोला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. रविवारी फोन करायचा, ‘जेवलात का?’ विचारायचा, मी ‘हो’ म्हणायचो आणि मग दोघांनाही काही सुचायचं नाही. मांडवीतल्या आमच्या घराची ओटी रस्त्यालाच आहे. संध्याकाळी मी तिथे बसायचो. जेटीकडे फिरायला निघालेले लोक हात करायचे आणि पुढे जायचे. बायको असताना चहाला थांबायचे. माझ्या हातचा चहा प्यायला कोण थांबणार?

अशात एका सरकारी कंपनीने आपले शेअर विकायला काढले. टीव्हीवर दिवसभर जाहिराती. लहान गुंतवणूकदारांसाठी वाटा राखून ठेवलेला, वर किमतीत थोडी सूट. आमच्या आळीत तोवर शेअर बाजार म्हणजे मटक्याचा शिकलेला भाऊ. त्याचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवायचे. पण आता खुद्द सरकारच बोलवत होतं.

सगळ्यात आधी शेजारच्या वहिनी आल्या. नवरा बोटीवर असायचा, तो वारल्यापासून एकट्याच राहतात. पालीजवळ त्यांच्या वाटणीला थोडी हापूसची कलमं आलेली, त्यावर त्यांचं चालतं.

‘भावजी, ही कसली योजना आलीय ओ?’

‘योजना नाय वहिनी, शेअर.’

‘पण सरकारचेच ना?’

‘सरकारचेच.’

‘मग बुडणार नाय ना?’

मी खुर्चीत जरा ताठ झालो आणि म्हणालो, ‘सरकारी आहे, बुडायचं नाही.’

दोन दिवसांत बातमी आळीभर झाली. लोक रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन यायला लागले. वरच्या घरातले निवृत्त मास्तर तर उत्पन्नाचा दाखला काढून आले. कोणी विचारलं, ‘यादी नगरपरिषदेच्या फळ्यावर लागणार काय?’ मी हसलो, पण सांगायला हरकत नाही, मी स्वतः एक फाईल आणली आणि सगळ्यांच्या झेरॉक्स नंबर घालून तिच्यात लावल्या. त्या फाईलचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता. खरं काम बँकेत आणि मोबाईलवर होत होतं, ते मुलाने मला फोनवर शिकवलं होतं. तेवढ्यासाठी त्या आठवड्यात त्याचे चार फोन आले. शेजारून खुर्च्या मागून आणल्या, आलं घालून चहा करायला शिकलो. शेअरमध्ये मला खरं तर काही रस नव्हता. मला माणसं हवी होती, आणि ती सरकारच्या नावावर मला मिळाली होती.

शेअर बाजारात आला त्या सकाळी सगळे ओटीवर मोबाईलभोवती बसले होते. भाव दिलेल्या किमतीच्या खाली उघडला आणि दुसऱ्या दिवशी आणखी खाली गेला. तरी लोक येत होते, ‘चढेल, सरकारचा हाय’ म्हणत होते. मग बातमी आली की सरकार आपल्याकडचे आणखी शेअर विकणार. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘सरकारच विकून मोकळं होतंय, तर आपण कशाला धरून बसायचं?’ त्यांचं चूक नव्हतं. ज्याच्या भरवशावर आले, तोच उठायला लागल्यावर कोण बसेल? आठवड्याभरात एकेकाने विकून टाकले. माझ्याशी कोणी भांडलं नाही. जेटीकडे जाताना पुन्हा नुसते हात करायला लागले.

वहिनींनी मात्र विकले नव्हते. एका दुपारी त्या आल्या, ओटीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, ‘भावजी, विकू की ठेवू? तुम्ही सांगाल तसं.’

मीही थोडे घेतले होते आणि ते ठेवणार होतो. कंपनीचा धंदा बरा चालला आहे, एवढं वाचून मला कळलं होतं. ‘मी ठेवतोय’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण उद्या आणखी पडला तर? ही बाई माझ्या दारात येऊन रडली तर? मला भीती वाटली. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘वहिनी, अर्ज तुमचा, सही तुमची. तुम्हीच ठरवा.’

त्यांनी मी दिलेला चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विकले. दर बुधवारी त्यांच्याकडून कालवणाची वाटी यायची, ती त्या बुधवारी आली नाही. मी साडेबारापर्यंत भात गरम ठेवला होता.

पुढे भाव वर आला, मूळ किमतीच्याही पुढे गेला. मुलगा फोनवर खूश होऊन म्हणाला, ‘बाबा, तुम्ही हुशार निघालात.’ त्या दिवशी तो बराच वेळ बोलला. वहिनींचं मी त्याला काही सांगितलं नाही. आळीत मात्र मी पूर्वीपेक्षा एकटा झालो. भाव पडलेला असता तर निदान सगळे एका होडीत राहिलो असतो.

मागच्या महिन्यात वहिनी हातात कागद घेऊन रस्त्याने चालल्या होत्या. बायकांसाठीच्या कुठल्याशा सरकारी योजनेचा फॉर्म होता. मी ओटीवरूनच म्हणालो, ‘वहिनी, द्या इकडे, भरून देतो. बसा.’

त्या थांबल्या. हसल्यासुद्धा.

‘नको ओ भावजी. नाक्यावरचा कॉम्प्युटरवाला देतो भरून. अर्ज माझा, सही माझी. तुम्हाला कशाला तरास?’

टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्या अगदी साधेपणाने बोलल्या, एखादा सरकारी नियम सांगावा तशा. मी खिशातून काढलेलं पेन हातात धरून त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिलो. त्यांच्यासाठी खुर्ची मी आधीच पुढे ओढली होती.