वसमतच्या सायकल स्टँडवर रुसलो त्याची गोष्ट

लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला गेलो होतो. पाहुणचाराने पोट टम्म झाले, तेव्हा सासऱ्यांची सायकल काढली आणि हळदीचा बाजार बघायला वसमतला निघालो. वाटेत शेताशेतांत कढयांखाली जाळ पेटवून हळद शिजवणे चालले होते. तो ओलसर, तिखट वास वाटभर सोबतीला होता आणि मी पुण्याचा पाहुणा वाटभर शिंकत होतो.

एस.टी. स्टँडजवळ बापूराव नावाच्या गृहस्थांचा खासगी सायकल स्टँड होता. पावतीसाठी त्यांनी चक्क वजनाचे जुने मशीन बसवले होते. वर उभे राहून नाणे टाकायचे, दिवे गरगर फिरायचे आणि वजन व भविष्य छापलेले कार्ड बाहेर पडायचे. तेच दाखवून सायकल सोडवायची. मी नाणे टाकले, दिवे फिरले आणि गावची लाइट गेली. नाणे आत ते आतच. बापूराव बाजेवर घोरत होते. परत आल्यावर सांगू, म्हणून मी निघालो.

मोंढ्यात (घाऊक बाजारात) हळदीचे ढीग होते. माणसे पिवळी, पोती पिवळी, एक बैलसुद्धा पिवळा. चहा पिऊन परतलो, तर सगळ्या सायकलींच्या चाकांतून एकच साखळी ओवलेली आणि बापूराव जागे.

“चिठ्ठी न्हाई तर दंड,” ते म्हणाले.

“नाणं तुमच्या मशीनने गिळलं. उघडून बघा.”

“किल्ली मेव्हण्यापाशी. मेव्हणा नांदेडला.”

“मशीन बिघडलं त्याचा दंड मी भरू?”

“मशीन बराबर हाय. लाइट खराब हाय.”

शेजारी मिलिंद नावाचा तरुण उभा होता. त्याचेही नाणे गिळले गेले होते. मास्तरकीची पहिलीच नोकरी लागलेली. शाळा सुटायच्या आत रुजू व्हायचे होते आणि दंड भरायला खिशात काही उरले नव्हते. “आज न्हाई पोचलो तर दुसऱ्याला घेतेत,” तो म्हणाला. हे ऐकून मला चेवच आला. दोष कोणाचा, जबाबदारी कोणाची, असे पुणेरी मुद्दे मी एकामागून एक मांडू लागलो. बघ्यांची गर्दी जमली.

“तुमी हाव तरी कुठले?” बापूराव वैतागले.

मी सासुरवाडीचे नाव सांगितले आणि त्यांचा चेहराच पालटला. “आवं, ते माझंच गाव! गावचा जावई म्हंजी माझा जावई. तुमच्याकून पैसे घेतले तर गावात तोंड दाखवू कसं?”

त्यांनी माझी तेवढी सायकल काढली आणि साखळी पुन्हा ओवली. मागच्या घरातून त्यांच्या बायकोने धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपिठे) आणले. माझे मुद्दे तसेच राहिले. मला भयंकर राग आला.

मिलिंद कानाशी पुटपुटला, “जावई हाव ना? मंग रुसा की.”

इकडे रुसणे हा जावयाचा हक्कच. मी धपाट्यांची ताटली बाजूला सारली आणि मशीनवर पाठ फिरवून बसलो.

“काय कमी पडलं, जावईबापू?” बापूराव घाबरले.

“सगळ्यांच्या सायकली सोडा. दंड न घेता.”

“आवं, धंदा हाय ह्यो!”

मी तोंड आणखी फिरवले. तेवढ्यात बाई कडाडल्या, “जावई उपाशी, अन् तुमी कुलूप धरून बसलाव? काढा ते!”

कुलूप निघाले. मिलिंदने टांग मारली, ती मागे वळूनही पाहिले नाही. मला इतका आनंद झाला की सगळे धपाटे मी एकट्याने संपवले.

संध्याकाळी परतलो, तर सासूबाई दारातच. मिलिंदची शाळा पलीकडच्या गावात. जाताना आमच्या दारात पाणी प्यायला थांबून त्याने सगळे सांगितले होते.

“तिथं रुसलाव, मंग हितं काहून (का) न्हाई?” त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. “आमी परके हाव का?”

त्यांची समजूत घालता घालता जेवणे आटोपली. पलीकडच्या गावात नवे मास्तर वेळेत रुजू झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळले.

वाद काही मी जिंकला नाही. मशीन बराबर आहे, हेच बापूराव शेवटपर्यंत म्हणत होते. पण साखळी सुटली. मुद्द्यांपेक्षा रुसवा बरा, असे मनाशी ठरवून मी पुण्याला परतलो. पुढे एकदा तिथल्या स्टँडवर माझा बिल्ला हरवला. दंड मागताच मी पाठ फिरवून खाली बसलो.

“जरा बाजूला सरकून रुसा,” स्टँडवाला म्हणाला. “मागच्यांना सायकली काढायच्यात.”