तुकड्यांचा क्रम

रेवा, निमिष — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता लिहिते आहे, त्याला कारण रेवा, तुझा तो व्हिडिओ. मालिकेतल्या दोन मैत्रिणींची दृश्यं तू कापलीस, जोडलीस, मधला नवरा काढून टाकलास. "आजी, टीव्हीवर आमच्यासारख्या मुली नसतातच गं. मग आम्हीच बनवतो," म्हणालीस. मी "छान आहे" म्हटलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दूध उतू जात नव्हतं.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी अमरावतीत बी.ए. करत होते, मुलींच्या वसतिगृहात राहून. खोलीत माझ्याबरोबर वत्सला — अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. तिचा मामा टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. फिल्म तुटली की खराब झालेला भाग कापून तो पुढचं जोडायचा, आणि कापलेले तुकडे भाचीला द्यायचा. सुटीहून ती परत यायची ती लाडवांच्या डब्यात फिल्म भरून.

रविवारी दुपारी आम्ही खिडकीला ब्लँकेट लावून अंधार करायचो. शकू नावाची मुलगी व्हरांड्यात आरसा धरून दाराच्या फटीतून आत ऊन पाडायची. त्या उन्हात फिल्मचा तुकडा, त्यापुढे भिंग म्हणून पाणी भरलेला जुना बल्ब — आणि भिंतीवर चित्र. हलतं नव्हे, एकेक. आवाज वत्सला द्यायची.

आणि क्रम मी लावायची.

मला पहिल्यापासून प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते, ते तुम्ही जाणताच. एका चित्रपटाचे बरेच तुकडे आले होते — नायिका, तिची सखी, नायक. मी नायक बाजूला काढला. मग नायिका खिडकीशी रडते ती सखी गावाला गेली म्हणून, असं झालं. सखी परत येते. नायिका नवरी होते, सखी तिच्या वेणीत फुलं माळते. तो तुकडा मी सगळ्यात शेवटी ठेवला. पुढे वरात नाही, कुणी नाही.

"काहून रडून राहिली वं? मी हाव ना," वत्सला सखीच्या आवाजात म्हणायची.

"आन् नवरदेव कुठी गेला?" कुणीतरी ओरडायचं.

"कपाशी वेचाले!"

मुली हसून लोळायच्या. मी हसत नसे. अंधारात वत्सलाचा खांदा माझ्या डाव्या खांद्याला टेकलेला असे, आणि मला वाटे — काय वाटे? त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मराठीत नव्हता, इंग्रजीतही नव्हता. फक्त तो क्रम होता.

एके रविवारी चित्र एकदम विझलं. "शके, आरसा काहून हालवून राहिली वं?" वत्सला ओरडली. दार उघडलं. ऊन अडवून मेट्रनबाई उभ्या होत्या.

त्यांनी माझ्या हातातला तुकडा उजेडाला धरून पाहिला. मग बाकीचे, लावलेल्या क्रमाने. बाई मूर्ख नव्हत्या. तुकडे कुणी आणले, हे त्यांनी विचारलंच नाही. "हे असं कुणी लावलं?" एवढंच विचारलं.

वत्सलाची तिथली जागा फी-माफीची होती. ती गेली की तिचं कॉलेज गेलं, हे मला ठाऊक होतं. माझ्या वडिलांची शेती होती, गावात वजन होतं. मला फार तर बोलणी बसली असती. मग मी कशाला घाबरले? बोलण्यांना? की बाईंना त्या तुकड्यांत जे दिसलं होतं ते माझं होतं, त्याला?

"वत्सलानं," मी म्हटलं. आणि कुणी विचारलेलं नसताना — "मला तर ते घाण वाटतं."

वत्सलाने माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. "हो बाई, म्याच लावलं."

दुसऱ्या दिवशी मामा तिला न्यायला आला. ती ट्रंक भरत होती आणि मी पुस्तक उघडून बसले होते. एक ओळही वाचली नाही. दाराशी ती थांबली. "बल्ब सांभाळजो वं," म्हणाली. मी मान वर केली नाही.

लग्नानंतर, साठच्या दशकात, अकोल्याला जाणं झालं की मी काहीतरी निमित्त काढून मोर्णेचा पूल ओलांडायची. एकदा ती दिसली. ओट्यावर बसून एका लहान मुलीची वेणी घालत होती. मी बांगड्यांच्या दुकानाशी उभी राहिले. हाक मारली असती तर ती उठून आली असती — हे मला तेव्हाही माहीत होतं. मी नको असलेल्या बांगड्या भरून परत आले.

दुपारी भिंतीवर कवडसा पडला की माझा डावा खांदा अजून थोडा सरकतो.

रेवा, त्या दिवशी बाईंनी तुकडे बंबात टाकायला माझ्याचकडे दिले होते. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. मी टाकले. भसकन पेटले. शेवटचा तेवढा टाकला नाही. बल्ब पुढे तुमच्या आजोबांच्या बदलीच्या सामानात फुटला. तो तुकडा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. कडा आकसल्या आहेत, आंबूस वास येतो. उजेडाला धरला की दोघी दिसतात.