पोस्टरवरचा हात

स्वारगेटच्या बसथांब्यावर एका थरारपटाचं पोस्टर लागलं होतं. अर्धवट उघडं दार, त्यातून बाहेर आलेला हात आणि खाली प्रश्न, ‘आत कोण आहे?’ चेहरा दाखवलाच नव्हता, त्यामुळे लोक पोस्टरपासून जरा लांबच थांबायचे. एक वयस्कर गृहस्थ मात्र रोज त्याला खेटून उभे राहत.

एकदा मी विचारलं, “भीती नाही वाटत?”

“अहो, आमच्या मुलीचा हात आहे. मनगटावरचा डाग बघा, लहानपणी तव्याला भाजलं होतं. हिंजवडीतली नोकरी सोडून सिनेमात गेली, म्हणून दोन वर्षं मी बोललो नाही तिच्याशी.”

मग त्यांनी मला फोटो काढायला सांगितला आणि पोस्टरशेजारी ताठ उभे राहिले. तो फोटो त्यांनी मुलीला पाठवला, खाली लिहिलं, ‘हात ओळखला.’

त्यांची बस आली, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी बस जाऊ दिली.